पाखरीची डावी सीट

दाजी, लोह्याच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला. फोटो भाचीच्या हळदीतला शोधून काढला. त्यात तुम्ही फेटा बांधून आचाऱ्यावर डोळे वटारताय. तेवढं चाललं असतं. पण फ्लेक्सवाल्याला कुणीतरी सांगितलं, माणसाला गाड्यांचा लई शौक होता, तर त्यानं तुमच्या मागं एक लालभडक परदेशी गाडी चिकटवून दिली, दारं पंखासारखी वर उघडलेली. तेराव्याला आलेला एकेक पाहुणा मला विचारत होता, "हीच व्हय का दाजींची गाडी?" पहिल्या दोघांना मी नाही म्हणालो. मग कंटाळलो आणि सरसकट हो म्हणत गेलो. तुम्ही असता तर शिडी लावून ती गाडी कात्रीनं कापून काढली असती.

तेरावं काल झालं. पाहुणे गेले, भाची पुण्याला परत गेली, मंडपवाला खुर्च्या मोजून घेऊन गेला. आता शेतातल्या या घरात अक्का आहे, मी आहे आणि शेडमध्ये पाखरी उभी आहे. शाळेतून फोन येतायत, मी लातूरला जायचं पुढं ढकलतोय. तुमच्याशी काही बोलायचं राहिलंय, आणि मेव्हण्यानं दाजींशी बोलायचं म्हणजे भांडायचं, ही आपली जुनी रीत. तेव्हा ऐकून घ्या. या खेपेला तुम्ही मधे तोंड घालणार नाही, एवढीच काय ती सोय झाली आहे. नको होती ती सोय.

पाखरी तुम्हाला कशी सापडली, हे तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात. उदगीरकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या विहिरीवरची मोटार जळाली, एवढा भाग मात्र कायम तोच असायचा. तुमचं मोटार वायंडिंगचं दुकान. तुम्ही मोटार काढायला गेलात आणि गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांखालून एक चाक डोकावताना दिसलं. डॉक्टरांनी तरुणपणी परदेशात नोकरी केली होती. परत येताना बोटीनं ही जपानी गाडी आणली, थोडी वर्षं हिंडवली आणि सुटे भाग मिळेनात तेव्हा गोठ्यात लावून दिली. दोनच माणसांची गाडी. उंची कमरेच्या जरा वर, छप्पर मागं उतरत गेलेलं, इंजिन आजच्या लहानातल्या लहान गाडीपेक्षाही लहान. आत कोंबड्या अंडी घालायच्या. तुम्ही ट्रकवर घालून ती लोह्याला आणलीत आणि मोठ्या कौतुकानं मला दाखवलीत. मी म्हणालो, "दाजी, ही गाडी आहे का खुराडं?" त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. अक्का मधे पडली म्हणून बोललात.

आणि मग ते खुराडं उठून पळायला लागलं. हैदराबादच्या भंगार बाजारात तुम्ही किती चकरा मारल्यात, कुठला भाग पंपाचा घेतलात, कुठला घरीच कापून बसवलात, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. सकाळी ती सुरू करताना चोकचं बटण ओढायचात आणि म्हणायचात, "गळा दाबल्याबिगर बोलत न्हाई ही." एकदा बोलायला लागली की मात्र तिचा आवाज असा चढायचा की सोयाबीनमधल्या बाया उभ्या राहून बघायच्या.

पाखरी हे नाव तुमच्या वडिलांच्या बैलावरून. पाखऱ्या शंकरपटात पळायचा, माळेगावच्या यात्रेत लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवून जायचे. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीतलं जेवढं शास्त्र वडिलांनी तुम्हाला शिकवलं, तेवढं सगळं तुम्ही या लोखंडाला लागू केलंत. पळण्याआधी पोट भरायचं नाही, म्हणून पाखरीची टाकी कधी भरली नाहीत. पळून आलेला बैल लगेच दावणीला बांधायचा नाही, त्याला सावकाश फिरवायचं, धाप जिरू द्यायची. म्हणून शर्यत झाली की तुम्ही पाखरीला मैदानाभोवती हळूहळू फेऱ्या मारायला लावायचात, बाकीचे चहा पिऊन निघून गेले तरी. आणि सगळ्यांत कडक नियम: पटाचा बैल नांगराला जुंपत नसतेत. पाखरी बाजाराला जाणार नाही, लग्नाला जाणार नाही, कुणाला स्टँडवर सोडायला जाणार नाही. अक्का म्हणायची, "माझ्या सवतीला लुगडं-चोळी करा आता." तुम्ही म्हणायचात, "करतो की," आणि खरंच तिला नवी ताडपत्री आणायचात.

मला तुम्ही डाव्या सीटवर का बसवलंत, हे मला आजवर कळलेलं नाही. मी भूगोलाचा मास्तर, नकाशा वाचतो, एवढीच माझी लायकी असावी. भोकरच्या पुढं त्या माळावर हिवाळ्यात जुन्या गाड्यांची शर्यत भरायची. एका वेळी एकच गाडी, मातीचा वळणावळणाचा रस्ता, आणि शेजारी बसणाऱ्यानं पुढचं वळण आधीच सांगायचं, म्हणजे धुरळ्यात चालवणाऱ्याला बघायची गरज पडत नाही. पहिल्याच वर्षी मी सुरुवात केली, "पुढे उजवीकडे तीव्र वळण असून त्यानंतर..." तेवढ्यात आपण वळण सोडून तुरीत गेलो होतो. तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणालात, "मास्तर, तुमचं वाक्य संपेस्तोवर आपण नाल्यात बसून चहा पिऊन राहिलो असतो."

मग आपली भाषा ठरली. जरासं वाकडं वळण म्हणजे काकडी. चांगलं वाकडं म्हणजे विळा. आणि उलटं फिरून जाणारं म्हणजे घोड्याचा नाल. डावी काकडी, उजवा विळा, नाल. बास. हैदराबादहून येणाऱ्या त्या हेल्मेटवाल्यांना वाटायचं, आपण गाडीत बसून भाजी घेतोय. पण तुम्ही माझ्या तोंडाकडं न बघता, केवळ शब्दावर गाडी घालायचात. माझ्या शब्दावर माझ्या वर्गातली पोरं पाटीसुद्धा उचलत नाहीत. तुम्ही जीव टाकायचात. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर तुम्ही ते गावभर सांगितलं असतं.

आपण जिंकलो कधीच नाही. एकदा तिसरे आलो, त्या कपात अक्का अजून धने ठेवते. इतकी वर्षं मी वळणं सांगितली, पण एकदाही तुम्ही "बरोबर" म्हणाला नाहीत. चुकलं की माझ्याकडं बघायचात. बरोबर आलं की काहीच नाही. मी एकदा चिडून म्हणालो होतो, "दाजी, कुत्र्यालासुद्धा शाबास म्हणतात हो." तुम्ही म्हणालात, "कुत्र्याला म्हणतेत. मेव्हण्याला म्हणलं की तो डोक्यावर बसतो."

आपलं शेवटचं भांडण अर्धं राहिलं, ते तरी पूर्ण करू. पाखरीनं जरा खोकलं की तुम्ही रविवार सगळा तिच्या पोटात डोकं घालून बसायचात. पण स्वतः विहिरीची पायरी चढताना थांबायला लागलात, छातीवर हात चोळायला लागलात, तेव्हा म्हणालात, "ॲसिडिटी हाय. अक्काच्या ठेच्याचं काम." मी म्हणालो, नांदेडला दाखवू. तुम्ही म्हणालात, भोकरची शर्यत होऊ द्या. मी म्हणालो, शर्यत गेली खड्ड्यात. तुम्ही उठून शेडमध्ये गेलात. खोकला गाडीचा असेल तर इंजिन उघडायचं आणि आपला असेल तर जिरं चावायचं, हे कुठलं शास्त्र दाजी? वडिलांनी पाखऱ्याला असं केलं असतं का? याचं उत्तर तुम्ही मला दिलं नाहीत. आता मीच दोन्ही बाजूंनी भांडत बसतो.

त्या सकाळी मी सरावासाठी लातूरहून आलो होतो. तुम्ही बोनेट उघडून उभे होता, मग कडब्याच्या गंजीला टेकून बसलात, आणि तुमचा चेहरा ओल्या मातीसारखा झाला. अक्कानं हातातली परात टाकली. शेजाऱ्यांची जीप सोयाबीन घेऊन बाजाराला गेलेली. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण ती नांदेडहून येणार आणि परत नांदेडलाच जाणार, म्हणजे रस्ता दुप्पट. अक्काच म्हणाली, "दत्ता, पाखरी काढ."

तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "न्हाई. पटाचा बैल..."

"गप बसा," अक्का म्हणाली. तुम्हाला ती असं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

तिनं आणि मी मिळून तुम्हाला डाव्या सीटवर बसवलं. माझ्या जागेवर. मी तुमच्या जागेवर बसलो. आणि मग तिघांच्याही लक्षात आलं की गाडीला दोनच सीट आहेत. अक्का दार धरून उभी होती. आत बघितलं, बाहेर बघितलं. मग दार तिनंच लावलं आणि म्हणाली, "जा तुमी. मी येते कुणाच्याबी गाडीवर." आरशात ती मला बांधापाशी दिसत होती, हात पिठाचे तसेच. तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत. तुम्हाला वळता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असेल.

मी पाखरी कधी चालवलीच नव्हती. तुम्ही हात लावू दिला असता तर ना. चोक ओढून सुरू केली आणि घाबरेपणात तो आत ढकलायचा विसरलो, तशी ती गुदमरल्यासारखी आचके द्यायला लागली. तेव्हा डावीकडून तुमचा हात आला. डोळे मिटलेले होते, पण हात बरोबर त्या बटणावर गेला, ते आत ढकललं, आणि पाखरी मोकळी झाली. तुमच्या हातानं केलेलं ते शेवटचं काम.

सोनखेडच्या अलीकडं तुम्ही बोलायला लागलात. हळू आवाजात, पण स्पष्ट.

"डावी काकडी."

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. दाजी, तो रस्ता आता चौपदरी झालाय. सिमेंटचा, सरळ. तिथं काकडी नाही आणि विळाही नाही. मला दिसत होतं की समोर सरळ आहे. पण इतकी वर्षं आपल्यात ठरलेलं होतं की डोळ्यावर नाही, शब्दावर चालायचं. तुम्ही "पूल हाय, धर नीट" म्हणालात, मी पाय उचलला. "विळा, उजवा" म्हणालात, मी ब्रेकवर गेलो. आणि मग थोडं थांबून तुम्ही म्हणालात, "बरोबर."

खोटं कशाला सांगू, त्या तसल्या वेळीसुद्धा माझ्या छातीत काहीतरी भरून आलं. म्हटलं, अखेर म्हणालात. मी चालवत होतो आणि तुम्ही मला बरोबर म्हणालात.

"नाल. लगीच दुसरा नाल." मी पुन्हा दोनदा पाय उचलला, मग शुद्धीवर आलो आणि स्वतःला शिवी घालून पाखरी दामटली. तिचा तो आवाज चढला. तुम्ही म्हणालात, "बरं, हळू." आणि मग विष्णुपुरीच्या आसपास, "चिंच आली. उतर." तिथं चिंच नव्हती. मी म्हणालो, "दाजी, आलोच, पाच मिनिटं." तुम्ही पुढं काही बोलला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. पाय उचलल्यानं किती वेळ गेला, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारून ते काय सांगणार? त्यांना काकडी आणि विळा काय ठाऊक?

नंतर वॉचमन आला आणि म्हणाला, "साहेब, ती पिवळी गाडी तुमचीच ना? चालूच हाय केव्हाची." मी बाहेर गेलो. पाखरी दारातच उभी होती, सुरू, तापलेली, अंगातून वास येत होता. किल्ली फिरवायला हात पुढं केला आणि थांबलो. पळून आलेला बैल लगेच बांधायचा नसतो. मला दुसरं काही सुचत नव्हतं, दाजी. मी आत बसलो आणि दवाखान्याच्या मागच्या मैदानात सावकाश फेऱ्या मारायला लागलो. डावी सीट रिकामी. एक फेरी, दुसरी फेरी, आणि तेवढ्यात फाटकातून कुणाच्यातरी मोटारसायकलवर मागं बसून अक्का आली.

तिनं मला फेऱ्या मारताना बघितलं. आपण फेऱ्या केव्हा मारतो, हे तिला ठाऊक होतं. पळणं नीट झालं, सगळं पार पडलं की मगच. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ती उतरली, पदर सारखा केला आणि हसली. खरंच हसली, दाजी. गाडीपाशी येऊन खिडकीत वाकली, "उतरले का ते? बरं हाय नं आता?"

मी तिला काय आणि कसं सांगितलं, ते तुम्हालाही सांगत नाही. ते तिचं आणि माझं आहे. पण ते हसू मला रोज दिसतं.

त्या दिवसापासून ती एकच विचारत होती: "वाटंत काय बोलले रे?" सकाळी चहा देताना विचारायची, माणसं उठून गेली की विचारायची. मी म्हणायचो, "त्रास होत होता, बोलता येत नव्हतं." तिचं समाधान होत नव्हतं. एका म्हाताऱ्या मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सांगून टाक की रे, तुझं नाव घेतलं म्हणून. काय बिघडतंय? बाईमाणसाला तेवढंच पुरतं." मी तसं सांगायचं ठरवलंही. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण मला तुमचा राग येत होता. बायकोला बांधावर पिठाच्या हातांनी उभी ठेवून निघालात, आणि उरलेला श्वास कशावर घातलात, तर काकडी आणि विळ्यावर! संसार केला बाईशी आणि जाताना बोललात शर्यतीचं. हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?

काल दुपारी सगळी गेल्यावर ती मला शेडमध्ये सापडली. तुमचं जुनं उपरणं घेऊन पाखरीवरची धूळ पुसत होती. सवतीला हात लावताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दत्ता, तुला खोटं बोलता येत न्हाई. ल्हानपणीबी येत नव्हतं. जे काय बोलले ते सांग. माझं नाव न्हाई घेतलं, तर न्हाई घेतलं."

मग सांगितलं. जसंच्या तसं. डावी काकडी. पूल हाय, धर नीट. विळा, उजवा. बरोबर. नाल, लगीच दुसरा नाल.

तिचा हात थांबला.

"पुना सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"पुलाच्या फुडं विळा? आन मंग दोन नाल, लागून?"

"हाव."

"आन मंग?"

"मग म्हणाले, 'बरं, हळू.' आणि शेवटी म्हणाले, 'चिंच आली. उतर.'"

अक्का पाखरीच्या चाकाला टेकून खालीच बसली. म्हणाली, "ती लोह्याची वाट न्हाई, दत्ता. ती आपल्या गावाची वाट हाय. इस्लापूरकडली."

मला काही कळेना. आमचं गाव ते, पण मी कायम रेल्वेनं गेलेला माणूस. जंगलातून जाणाऱ्या त्या जुन्या रस्त्याची वळणं मला कुठली ठाऊक असणार. तेव्हा तिनं सांगितलं. एका पंचमीला मी तिचा मुराळी म्हणून येणार होतो. सासरहून बहिणीला सणाला आणायला भावानंच जायचं, ही आपल्याकडची रीत. मला शाळेच्या कामातून निघता आलं नाही, आणि आई तर वाटेवर डोळे लावून बसलेली. अक्का पिशवी भरून दारात रडत होती. तुम्ही शेडमधून पाखरी बाहेर काढलीत आणि म्हणालात, "चल. आज मीच मुराळी."

"कुणाला सांगायचं न्हाई म्हणले," अक्का सांगत होती. "पटाचा बैल नांगराला लावला, हे मास्तराला कळलं तर जल्मभर चिडवील म्हणले. भोकरच्या फुडं गेल्यावर म्हणले, आता तू वळणं सांग. मला काय येतंय? तर शिकवू लागले. ही काकडी, ह्यो विळा. मी म्हणायचे, ते म्हणायचे, बरोबर. एक चुकलं न्हाई माझं. दर बारीला बरोबर, बरोबर. त्या दोन नालांवर मला लई मळमळलं. मी म्हणलं, हळू घ्या वो. तर म्हणले, बरं, हळू."

"आणि चिंच?"

"गावात पाखरी दिसली असती तर बोभाटा झाला असता. म्हणून मला चिंचंखाली उतरवलं. आईला मी येष्टीनं आले म्हणून सांगितलं. मी वळून बघितलं, तर ते तितंच थांबलेले. मी वळणाआड जास्तोवर थांबले."

 उपरणं हातात तसंच होतं. शेवटी म्हणाली, "म्हंजी मला उतरवून गेले."

दाजी, ते एकमेव "बरोबर" मी तेरा दिवस उराशी धरून बसलो होतो. ते माझं नव्हतं. "हळू" माझ्यासाठी नव्हतं आणि इंजिनासाठीही नव्हतं. मी उगीच समजत होतो की माझी बहीण बांधावर राहिली आणि मी तुमच्याबरोबर होतो. पाखरीला दोनच सीट आहेत. त्या वाटेनं तुम्ही चालवत होता आणि अक्का शेजारी बसून वळणं सांगत होती. मी त्या गाडीत नव्हतोच. वाईट वाटलं का? वाटलं. मेव्हणा आहे, वाटणारच. पण माझा तुमच्यावरचा राग काल दुपारी शेडमध्ये जिरला, आणि राग गेल्यावर जे उरलं त्यानं मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

तेराव्यानंतर दुखवट्याला बहिणीला माहेरी न्यायची रीत आहे. मी अक्काला म्हणालो, उद्या लातूरला चल. ती म्हणाली, "लातूर तुझी नौकरी हाय. माझं माहेर न्हाई." मी म्हणालो, गावाकडं आता कोण आहे, आई गेली, दाराला कुलूप आहे. म्हणाली, "असू दे. कुलूप बघून येऊ."

मग उपरणं घडी करून तिनं पाखरीच्या डाव्या सीटवर ठेवलं आणि म्हणाली, "ही काढ. वळणं मी सांगते. तुला येत न्हाईत."

टाकी अर्धीच भरली आहे. चोक या वेळी विसरणार नाही. तिनं विळा म्हटलं की पाय उचलीन, नाल म्हटलं की ब्रेकवर जाईन, आणि चुकली तरी बरोबरच म्हणेन. फक्त तुमची एक गोष्ट मी ऐकणार नाही, दाजी. चिंचेपाशी थांबणार नाही. तिला दारापर्यंत सोडणार आहे.